घटक ३ : वाचकाचा ठसा आणि कादंबरीतील 'मी'

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• कादंबरी वाचताना मनावर उमटणारा ठसा आणि त्या कादंबरीविषयीचे समीक्षात्मक विधान यांतील फरक व संबंध स्पष्ट करणे.
• प्रथमपुरुषी निवेदनाचा वाचकाच्या अनुभवावर होणारा परिणाम सांगणे.
• 'पण लक्षात कोण घेतो', 'बनगरवाडी' आणि 'कोसला' या तीन कादंबऱ्यांतील 'मी'चे वेगळेपण ओळखणे.
• स्वतःच्या वाचनातील ठसा संहितेच्या आधारे तपासून तो लेखनात मांडणे.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील दोन घटकांत आपण कादंबरीचे कथानक, पात्रचित्रण, वातावरण आणि निवेदन या घटकांचा परिचय करून घेतला. आता ते बाजूला न ठेवता एका वेगळ्या दिशेने त्यांच्याकडे पाहायचे आहे. ही दिशा वाचकाची, म्हणजे तुमचीच आहे.

एखादी कादंबरी अभ्यासक्रमात नेमली गेली, की तिच्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते. एरवी रात्रीची जेवणे आटोपल्यावर किंवा बसच्या प्रवासात हाती घेतलेले पुस्तक आपण मोकळ्या मनाने वाचतो. ते आवडले, नकोसे झाले, मध्येच मिटून ठेवावेसे वाटले, तर तसे शेजाऱ्याला सांगतोही. तेच पुस्तक परीक्षेसाठी आले, की 'यावर काय लिहायचे असते?' हा प्रश्न पुढे येतो आणि 'मला हे वाचताना काय झाले?' हा प्रश्न मागे सरतो. मग मार्गदर्शकातील तयार उत्तर पाठ केले जाते. उत्तर लिहून होते, गुणही मिळतात. पण कादंबरी आणि वाचक यांची भेट मात्र होत नाही.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे नुकसान अधिक मोठे आहे. नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या प्रौढ वाचकाजवळ आयुष्याचा जो अनुभव असतो, तो अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याजवळ सहसा नसतो. कुणी सासरचे दिवस काढलेले असतात, कुणी दुष्काळात गाव सोडलेले असते, कुणी खेड्यातून शहरातल्या वसतिगृहात जाऊन परतलेले असते. हा अनुभव वाचनात भांडवलासारखा उपयोगी पडतो. तरीही 'आमच्या मताला कोण विचारतो?' या संकोचापोटी नेमके तेच भांडवल उत्तरपत्रिकेबाहेर राहते.

या घटकाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : वाचकाचा ठसा हा समीक्षेचा आरंभ आहे. ठसा वाचकाच्या मनावर उमटतो हे खरे, परंतु तो उमटवणारी जागा संहितेत असते. ती जागा दाखवता आली, की 'मला असे वाटले' या वाक्याचे रूपांतर इतरांनाही तपासता येईल अशा विधानात होते. हे प्रत्यक्ष कसे घडते ते पाहण्यासाठी तीन कादंबऱ्या निवडल्या आहेत. तिन्हींत 'मी' बोलतो. विवेचनात प्रस्तुत लेखकाने आपले ठसे प्रथमपुरुषात नोंदवले आहेत. ते तुम्ही स्वीकारावेत अशी अपेक्षा नाही; ते तपासावेत अशी आहे.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ ठसा म्हणजे काय?

वाचन चालू असताना मनात राग, कणव, कंटाळा, हसू, अस्वस्थता अशा अनेक प्रतिक्रिया उमटत असतात. पुस्तक मिटल्यावर त्यांतील बहुतेक विरून जातात आणि काही मागे राहतात. या मागे राहिलेल्या परिणामाला आपण 'ठसा' म्हणू. वाचकाच्या अशा अनुभवाला केंद्रस्थानी ठेवून जी समीक्षा लिहिली जाते, तिला मराठीत 'आस्वादक समीक्षा' म्हणतात.

आस्वादाला वाचकाची तयारी लागते, ही जाणीव भारतीय साहित्यविचारात जुनी आहे. काव्याचा खरा अधिकारी 'सहृदय' होय, असे संस्कृत काव्यशास्त्र मानते. अभिनवगुप्ताने 'ध्वन्यालोका'वरील 'लोचन' या टीकेत सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या सततच्या अनुशीलनाने आरशासारखे स्वच्छ झालेल्या मनाचा उल्लेख केला आहे. यात आपल्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द 'अनुशीलन' हा आहे. सहृदयता पुन्हा पुन्हा वाचण्याने वाढते. म्हणून पहिल्या वाचनातील ठसा मोलाचा असला, तरी तो अंतिम नव्हे.

ठशाला दोन बाजू असतात. एक बाजू वाचकाची : त्याचे वय, परिस्थिती, आठवणी. दुसरी बाजू संहितेची : कोण सांगते आहे, कोणाला सांगते आहे, काय सांगते आहे आणि काय सांगायचे टाळते आहे. प्रथमपुरुषी निवेदनात ही दुसरी बाजू विशेष स्पष्ट दिसते, कारण तेथे सांगणारा आपल्यासमोर उभा असतो. तृतीयपुरुषी निवेदक कोणत्याही पात्राच्या मनात शिरू शकतो. 'मी'ला ती सोय नसते. त्याला दिसले, कळले, आठवले तेवढेच तो सांगतो, आणि उरलेले वाचकाला भरून काढावे लागते. वाचक ते कसे भरून काढतो, यावर त्याचा ठसा ठरतो.

३.३.२ 'पण लक्षात कोण घेतो' : वाचक हा साक्षीदार

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची ही कादंबरी त्यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूपाने आली. हा काळ ध्यानात घ्यावा. विधवाविवाहाला कायद्याने मान्यता देणारा कायदा १८५६ चा होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये 'शारदा सदन' सुरू केले. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद माजला. धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तो १८९३ मध्ये. म्हणजे सभांतून आणि वृत्तपत्रांतून स्त्रीच्या स्थितीविषयी पुरुष एकमेकांशी भांडत असताना, या कादंबरीत यमू नावाची एक स्त्री स्वतःची हकीकत स्वतः सांगत होती. विधवेची दुःखे बाबा पदमनजींनी १८५७ मध्येच 'यमुनापर्यटन' या कादंबरीत मांडली होती. तेथील नायिकेचे नावही यमुनाच. तेथील यमुना इतरांची दुःखे पाहत फिरते; आपट्यांची यमू मात्र जे सांगते ते तिच्या अंगावरून गेलेले आहे.

मी ही कादंबरी प्रथम महाविद्यालयात असताना वाचली. तेव्हा मनावर राहिला तो संताप. धर्माच्या नावाने घरात सत्ता गाजवणाऱ्या शंकरमामंजींचा, यमूच्या बालमैत्रिणीच्या, म्हणजे दुर्गीच्या नवऱ्याचा, आणि पतीच्या मृत्यूनंतर यमूचे सक्तीने केशवपन करणाऱ्यांचा. पुढे संसारात पडल्यावर ती पुन्हा वाचली. संताप होताच, परंतु यावेळी अधिक खोल उतरले ते मुंबईचे दिवस. पुण्याच्या एकत्र कुटुंबातून बाहेर पडून यमू आणि रघुनाथराव मुंबईत आपले बिऱ्हाड मांडतात. वाचन, गप्पा, स्नेह्यांची ये-जा, एकमेकांशी मोकळेपणाने बोलणारे नवरा-बायको असे हे साधे सुख आहे. हा भाग वाचताना मनाला विसावा मिळतो आणि त्याच वेळी एक हुरहुर लागून राहते.

ही हुरहुर कोठून आली, याचा शोध घेतला असता उत्तर निवेदनात सापडते. यमू ही हकीकत सर्व घडून गेल्यावर सांगते आहे. सुखाचे दिवस सांगणाऱ्या यमूला ते संपले आहेत हे ठाऊक आहे. ज्या क्षणी ती घरातल्या हास्यविनोदाचे वर्णन करते, त्या क्षणी ती विधवा आहे. हे अंतर वाचकाच्या मनात सतत जागे राहते. केशवपनाचा प्रसंग असह्य होण्याचे कारण केवळ त्या प्रसंगातील क्रौर्य नव्हे. ज्या स्त्रीचे मन आपण शेकडो पाने जवळून पाहिले, जिला वाचायला-विचार करायला शिकताना पाहिले, तिच्यावर ते क्रौर्य होते. मुंबईचा भाग लहान असता, तर केशवपनाचा आघातही कमी झाला असता.

कादंबरीचे शीर्षक हा एक प्रश्न आहे. पहिल्या वाचनात तो मला यमूचा निःश्वास वाटला होता. आता तो वाचकाला विचारलेला प्रश्न वाटतो. कारण या घरांत दुष्ट माणसे थोडी आहेत. 'असेच चालायचे' म्हणून गप्प राहणारी पुष्कळ आहेत. यमू आपली सर्व कहाणी आपल्यासमोर ठेवते आणि आपल्याला साक्षीदाराच्या जागी उभे करते. साक्षीदाराने गप्प राहायचे, की लक्षात घ्यायचे, हा निर्णय वाचकाचा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) 'पण लक्षात कोण घेतो' कोणत्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली?
(आ) मुंबईच्या भागातील सुख वाचताना हुरहुर का लागते?

३.३.३ 'बनगरवाडी' : वाचक हा सोबती

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. यमूच्या विस्तृत हकिकतीनंतर ही कादंबरी हाती घेतली, की पहिली गोष्ट जाणवते ती तिचा लहान आकार आणि मोजके बोलणे. स्वातंत्र्यपूर्व काळातील औंध संस्थान, त्यातील माणदेशचा कोरडा प्रदेश, धनगरांची छोटी वाडी आणि तेथे एकशिक्षकी शाळेवर नेमलेला कोवळ्या वयाचा मास्तर एवढी ही सामग्री आहे. हा मास्तरच निवेदक आहे. तो वाडीवर येतो तेव्हा शाळेत मुले नाहीत, कारण मुले मेंढरांमागे रानात आहेत. हळूहळू मुले येऊ लागतात, माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन येऊ लागतात. मास्तरच्या पुढाकाराने वाडीत तालीम उभी राहते आणि तिच्यासाठी प्रत्यक्ष राजेसाहेब वाडीला येतात. मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडीचा आधार असलेला म्हातारा कारभारीही जातो. अखेर ओस पडलेल्या वाडीतून मास्तरही निघतो.

या कादंबरीने माझ्या मनावर ठेवलेला ठसा शांततेचा आहे. दुष्काळाची गोष्ट वाचून शांत वाटावे हे विचित्र आहे, म्हणून त्याचे कारण शोधावेसे वाटले. शेकूचा प्रसंग घ्या. पेरणीच्या दिवसांत त्याच्याजवळ दुसरा बैल नाही, आणि बैलाच्या जोडीला जुवाखाली त्याची बायको खांदा देते. हा प्रसंग एखाद्या लेखकाने करुणेने ओथंबून लिहिला असता. येथे निवेदक पाहतो आणि सांगतो. दारिद्र्यावर भाष्य नाही, समाजाला दूषण नाही. नवरा-बायकोही आपण काही भयंकर करतो आहोत अशा आविर्भावात नाहीत. पेरणीची वेळ निघून जाईल, एवढीच त्यांची काळजी आहे. निवेदक हळहळत नाही, म्हणून हळहळण्याचे काम वाचकाकडे येते. वाचक ते मोठ्याने करू शकत नाही, कारण ज्यांच्यासाठी हळहळायचे ते स्वतः कामात आहेत. माझ्या मनातील शांतता या संयमातून आली आहे, असे आता म्हणता येते.

येथील 'मी' यमूच्या 'मी'हून अगदी वेगळा आहे. यमू स्वतःविषयी सांगते. मास्तर स्वतःविषयी फार थोडे सांगतो. तो कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, अंजी, शेकू या माणसांविषयी सांगतो. कादंबरी संपल्यावर मास्तरच्या चेहऱ्यापेक्षा वाडीचा चेहरा आपल्याला अधिक आठवतो. भाषेतही हे अंतर राखलेले आहे. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि माणसे आपल्या माणदेशी बोलीत बोलतात. त्यामुळे वाडीचे बोलणे वाडीचेच राहते. मास्तर ते स्वतःच्या भाषेत ओढून घेत नाही. वाडीत आलेला परका मुलगा हळूहळू तिचा होतो, आणि त्याच्या शेजारी चालणारा वाचकही. म्हणून अखेरीस वाडी रिकामी होते तेव्हा ती आपल्यासाठीही रिकामी होते.

एक सावधगिरी येथे नोंदवावी. ज्या वाचकाने दुष्काळ अनुभवला आहे, त्याला 'बनगरवाडी' वाचताना स्वतःचे गाव आठवणे स्वाभाविक आहे. या आठवणीमुळे कादंबरीतील अनेक बारकावे त्याला इतरांपेक्षा लवकर दिसतील. पण तीच आठवण कधी कादंबरीवर पांघरूणही घालते. वाडीत दुष्काळापूर्वीही जीवन आहे : भांडणे, रुसवे, चोऱ्या, थट्टा, तालमीचा उत्साह. केवळ 'दुष्काळाची कादंबरी' म्हणून ती लक्षात ठेवली, तर मोठा भाग हातून सुटतो. आपली आठवण कोठे संपते आणि संहिता कोठे सुरू होते, हे प्रौढ वाचकाला विशेष काळजीने पाहावे लागते.

३.३.४ 'कोसला' : वाचक हा संशयित

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी लेखकाचे वय पंचवीस होते आणि कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हाही पंचवीस वर्षांचाच आहे. खानदेशातील सांगवीचा हा मुलगा पुण्याला महाविद्यालयात जातो, वसतिगृहात राहतो, नाना उद्योगांत पडतो, वडिलांचे पैसे खर्च करतो आणि पदवी न घेता गावी परततो. सारांश सांगितला तर एवढाच. मराठी कादंबरीच्या वाटचालीत मात्र या पुस्तकाचे स्थान फार महत्त्वाचे मानले जाते.

अनेक विद्यार्थी संपर्कसत्रात सांगतात, की ही कादंबरी वाचताना कंटाळा येतो. हा ठसा लपवण्याजोगा नाही. तो तपासण्याजोगा आहे. वसतिगृहाच्या भागात घटना पुष्कळ आहेत : खानावळ, निवडणुका, संमेलने, मित्रांची टोळकी, पैशांची ओढाताण. परंतु एका घटनेतून दुसरी घटना निघत नाही. 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये आज घडलेल्या गोष्टीचे परिणाम उद्या भोगावे लागतात. 'कोसला'त गोष्टी घडतात आणि विरून जातात. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे शब्द पांडुरंगच्या तोंडी वारंवार येतात. 'उदाहरणार्थ' म्हटले की जे सांगितले ते अनेकांपैकी एक ठरते, आणि 'वगैरे' म्हटले की पुढचे सांगण्याच्या लायकीचे उरत नाही. म्हणजे वाचकाला येणारा कंटाळा हा पांडुरंगच्याच जगण्याचा कंटाळा आहे. तो वाचकापर्यंत पोहोचला, याचा अर्थ संहितेने आपले काम केले आहे.

पांडुरंग हसवतोही. मित्राबरोबर तो भविष्यातील इतिहाससंशोधकाचा आव आणून आपल्याच काळाचे विडंबन करतो. एका वर्षाची हकीकत रोजनिशीच्या तुटक नोंदींतून येते. हे वाचताना आपण हसतो, पण थोड्या वेळाने शंका येते, की तो आपल्यालाही हसतो आहे. पदवी, नोकरी, प्रतिष्ठा यांवर आपला जो विश्वास आहे, तोच त्याच्या थट्टेचा विषय आहे. यमूने साक्षीदार केले, मास्तरने सोबती केले. पांडुरंगने वाचकाला संशयिताच्या जागी बसवले आहे.

या सगळ्या थट्टेच्या मध्ये धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग येतो. माझ्या मनावरील 'कोसला'चा सर्वांत खोल ठसा याच पानांचा आहे. तेथे थट्टेची भाषा मागे पडते. एवढा वेळ प्रत्येक गोष्टीला 'वगैरे' लावणाऱ्या माणसाला हे दुःख 'वगैरे'त ढकलता येत नाही. आणि मग आधीच्या पानांकडे पुन्हा पाहावेसे वाटते : हे हसणे नेमके कशासाठी होते? पांडुरंग ही सारी हकीकत, यमूप्रमाणेच, घडून गेल्यानंतर सांगतो आहे. म्हणजे वसतिगृहातील गमती सांगणाऱ्या पांडुरंगलाही बहिणीचा मृत्यू ठाऊक आहे. यमू आपले दुःख उघड करून सांगते, पांडुरंग ते हसण्याखाली झाकून सांगतो. दोघांच्याही सुखाच्या पानांवर पुढच्या मृत्यूची सावली आहे. सत्तर वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या, भाषेने आणि वृत्तीने इतक्या दूरच्या या दोन कादंबऱ्या येथे एकमेकींजवळ येतात. 'अभिजात' आणि 'आधुनिक' असे कप्पे करून वाचणाऱ्याला ही जवळीक सहसा दिसत नाही. ठशाचा माग काढणाऱ्याला दिसते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) 'बनगरवाडी'चा निवेदक कोण आहे?
(आ) 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' या शब्दांमुळे 'कोसला'च्या निवेदनावर कोणता परिणाम होतो?

३.३.५ ठशाकडून विधानाकडे

आतापर्यंतच्या विवेचनात एकच कृती तीन वेळा केली आहे. ती पायऱ्यांनी अशी मांडता येईल.

(१) ठसा नोंदवणे. वाचन संपल्यावर लगेच, मार्गदर्शक किंवा प्रस्तावना न पाहता, मनात राहिलेले दोन-चार वाक्यांत लिहून ठेवावे. 'कंटाळा आला', 'रडू आले', 'काही कळले नाही' अशी नोंदही चालते. ती प्रामाणिक असावी, एवढीच अट आहे.

(२) जागा शोधणे. हा ठसा कोणत्या पानांमुळे उमटला? प्रसंगामुळे, एखाद्या शब्दाच्या पुनरुक्तीमुळे, की निवेदकाने काही न सांगितल्यामुळे? ती जागा पृष्ठक्रमांकासह टिपून ठेवावी.

(३) कारण मांडणे. त्या जागेतील निवेदन, भाषा किंवा रचना आणि आपला ठसा यांचा संबंध एका वाक्यात लिहावा. 'कोसला कंटाळवाणी आहे' हे केवळ मत झाले. 'वसतिगृहाच्या भागातील घटना कार्यकारणाने जोडलेल्या नसल्यामुळे पांडुरंगला जाणवणारा निरर्थकपणा वाचकालाही अनुभवावा लागतो' हे विधान झाले. दुसऱ्या वाक्याशी कोणाला असहमत व्हायचे असेल, तर त्याला पुस्तक उघडावे लागेल.

(४) पुन्हा वाचणे. काही काळाने तीच पाने पुन्हा वाचावीत. ठसा टिकला तर तो बळकट होतो. बदलला तर काय बदलले, वाचक की वाचकाची दृष्टी कोठे पडली ती जागा, हे पाहावे. दोन्ही नोंदी ठेवाव्यात. पहिली खोडू नये, कारण दोहोंमधील अंतर हेच पुष्कळदा उत्तराचे सर्वांत चांगले साहित्य असते.

अशा रीतीने तयार झालेले विधान परीक्षेत लिहिताना 'मला वाटते' हे शब्द वापरण्यास हरकत नाही. त्यांच्यापुढे 'कारण' यायला हवे. आणि जेथे एखाद्या समीक्षकाचे मत तुमच्या ठशाशी जुळत नाही, तेथे आपला ठसा लगेच मागे घेऊ नये किंवा हट्टानेही धरून बसू नये. दोघांनीही संहितेतील कोणती जागा पुढे ठेवली आहे ते पाहावे.

३.४ सारांश

वाचनानंतर मनात राहणारा परिणाम म्हणजे ठसा. त्याला वाचकाचा अनुभव आणि संहितेची रचना अशा दोन बाजू असतात. प्रथमपुरुषी कादंबरीत निवेदक काय सांगतो आणि काय सांगत नाही, यावरून वाचकाची जागा ठरते. 'पण लक्षात कोण घेतो'मधील यमू सर्व भोगून झाल्यावर आपली कहाणी सविस्तर सांगते आणि वाचकाला साक्षीदार करते. 'बनगरवाडी'तील मास्तर स्वतःविषयी थोडे व वाडीविषयी अधिक सांगतो, हळहळ टाळतो आणि वाचकाला सोबती करतो. 'कोसला'तील पांडुरंग थट्टेच्या भाषेत बोलतो, वाचकाच्या विश्वासांवर संशय घेतो आणि दुःखाच्या एका जागी ती थट्टा सोडतो. वाचकाचा जीवनानुभव ठसा समृद्ध करतो, पण तो संहितेला झाकूनही टाकू शकतो. म्हणून ठसा नोंदवणे, त्याची जागा शोधणे, कारण मांडणे आणि पुन्हा वाचणे या चार पायऱ्या आवश्यक ठरतात.

३.५ पारिभाषिक शब्द

संहिता : साहित्यकृतीचा प्रत्यक्ष लिखित मजकूर.
निवेदक : कथा-कादंबरीत सांगण्याचे काम करणारा आवाज. तो लेखकाहून वेगळा मानावा.
प्रथमपुरुषी निवेदन : 'मी' या भूमिकेतून केलेले निवेदन.
सहृदय : काव्याच्या परिशीलनाने ज्याची आस्वादक्षमता विकसित झाली आहे असा रसिक.
केशवपन : विधवेचे मुंडन करण्याची पूर्वीची रूढी.

३.६ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) 'करमणूक'. (आ) यमू सर्व घडून गेल्यावर हकीकत सांगते. सुखाचे वर्णन करताना ते संपल्याचे तिला ठाऊक असते आणि हे अंतर वाचकाला जाणवत राहते.

प्रश्न २ : (अ) वाडीच्या एकशिक्षकी शाळेवर आलेला तरुण मास्तर. (आ) सांगितलेली गोष्ट अनेकांपैकी एक ठरते आणि उरलेली सांगण्यास अपात्र ठरते. त्यातून निरर्थकपणाची जाणीव वाचकापर्यंत पोहोचते.

३.७ स्वाध्याय

(१) 'वाचकाचा ठसा हा समीक्षेचा आरंभ असतो' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
(२) यमू आणि पांडुरंग या दोन निवेदकांमधील साम्य व भेद स्पष्ट करा.
(३) 'बनगरवाडी'तील निवेदकाच्या संयमाचा वाचकावर होणारा परिणाम एका प्रसंगाच्या आधारे सांगा.

उपक्रम : विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' (१९३९) ही कादंबरी मिळवून वाचा. युरोपातून निघालेल्या बोटीवर एक भारतीय तरुण आणि नाझी जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी यांची भेट होते. हकीकत तो तरुण सांगतो. वाचून झाल्यावर चार पायऱ्यांप्रमाणे नोंदी करा आणि या 'मी'ने तुम्हाला कोणत्या जागी उभे केले, ते एका पानात लिहा. हे पान पुढच्या संपर्कसत्रात सोबत आणा आणि सहाध्यायीच्या पानाशी ताडून पाहा. दोघांचे ठसे वेगळे निघाले, तर दोघांनी मिळून पुस्तक उघडा.